नेढ्याएवढी नजर

चंद्राबाईच्या घरात डोळ्यांची परीक्षा एकाच पद्धतीने व्हायची. सुई घ्यायची, उजेडाकडे तोंड करून उंबऱ्याशी बसायचं आणि दोरा ओवायचा. एका दमात नेढ्यातून गेला तर डोळे शाबूत. दोनदा थुंकी लावावी लागली तर वय झालं. तिसऱ्यांदाही चुकला तर सुई चंद्राबाईकडे द्यायची. कासार आंबोलीतल्या निम्म्या म्हाताऱ्या तिच्याकडून सुया ओवून नेत. वरच्या वाडीची लिलाबाई तर दर आठवड्याला फडक्यात टोचलेल्या दहा सुया घेऊन खाली उतरायची. वाकळ शिवायला तिला त्या आठवडाभर पुरायच्या.

"चंद्रे, मेलीस की तुजं डोळं मला दे," लिलाबाई म्हणायची.

"मेल्यावर कशाला, आत्ताच घे. फकस्त बदल्यात तुजं गुडघं देऊ नको म्हंजे झालं."

गौतमी, चंद्राबाईची थोरली मुलगी, हे ऐकतच वाढली होती. आता तिला सदतीस वर्षं झाली होती. पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती नोकरी करत होती आणि हातात येईल ते वाचत होती. घरातल्या कुणाहीपेक्षा तिला चार गोष्टी जास्त कळतात असं गावात समजलं जायचं, आणि तिलाही ते खरं वाटायचं. तरीही शेवटी तिने विश्वास ठेवला तो त्या सुईवरच.

सुरुवात जुलैत, भाताच्या लावणीत झाली. चिखलात वाकून रोपं लावता लावता चंद्राबाईच्या डोळ्यांपुढे अंधार यायचा. चार-पाच आकडे मोजेपर्यंत टिकायचा आणि जायचा. चक्कर नव्हती, पाय डगमगत नव्हते. ती सरळ उभी राहायची, शेजारच्या लिलाबाईच्या खांद्यावर हात ठेवायची आणि उजेड परत आला की पुन्हा वाकायची. "डोस्क्यातली लाईट जाती माजी," असं ती हसत सांगायची. पुढे कानात आवाज सुरू झाला, धरणाचं पाणी सोडल्यावर येतो तसा. आवाजाला नाडीचा ठेका होता. पहाटे उठल्यावर डोकं असं धरायचं की चुलीपुढे वाकवत नसे, खोकला आला तरी कळ जायची. भाद्रपदात शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं, तेव्हा तिने तक्त्यावरचे आकडे शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचले. तपासणाऱ्याने चष्माही दिला नाही आणि मावशी, तुमची नजर पोरीसारखी आहे, असं सांगून तिला घरी पाठवलं.

त्यानंतर ती दाराच्या चौकटीला खांदे घासू लागली. रस्त्यात बायका बाजूने गेल्या, बोलल्या, तरी तिचं लक्ष नसायचं. पोराचं लग्न ठरल्यापासून चंद्राबाईला मिजास आली, असं गावात बोललं जाऊ लागलं.

दिवाळीत गौतमी घरी आली. तिने आईच्या डाव्या हाताला ताट वाढून ठेवलं. आई समोर बघत बसून राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "वाढतीस ना गं? भूक लागलीया."

ताटातल्या भाताची वाफ निवत आली होती. गौतमीने ते उचलून समोर ठेवलं. भाऊबीज झाल्यावर ती आईला घेऊन पुण्याला गेली.

पुण्यातल्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी दिव्याच्या भिंगातून आईच्या डोळ्यांत पाहिलं. एरवी खुर्चीला टेकून बसलेल्या त्या बाई पुढे झाल्या आणि खूप वेळ तशाच राहिल्या. मग मेंदूचे फोटो काढले. त्यात गाठ नव्हती, रक्तही गोठलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईला कुशीवर निजवून पाठीच्या कण्यात सुई घातली आणि आतल्या पाण्याचा दाब मोजला. तो असायला हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला.

"कवटी म्हणजे बंद डबा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेंदूभोवती पाणी असतं. ते मुरण्याचं प्रमाण बिघडलं की आत दाब वाढतो. डोळ्यांकडे जाणाऱ्या नसा त्या दाबाने मागच्या बाजूला सुजतात. कारण दर वेळी सापडतंच असं नाही. वजन हे एक असतं."

"डोस्क्यात पानी तुंबलंय व्हय माज्या?" आई म्हणाली. "म्हंजे मुळशीचीच म्हनायची की मी. हितं पन धरन आनि तितं पन."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी तिला शेजारच्या अंधाऱ्या खोलीत पाठवलं. तिथे एक पांढरा घुमट होता. त्यात हनुवटी टेकवून समोरच्या ठिपक्याकडे बघायचं आणि बाजूला कुठेही उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. गौतमी भिंतीला टेकून उभी होती. यंत्र मधूनमधून बारीक आवाज करत होतं. बटणाचा आवाज मात्र येत नव्हता.

"मावशी, दिसलं की दाबा ना," यंत्रावरची मुलगी म्हणाली.

"दाबते की. चमकू दे तर खरं."

"चमकतंय मावशी. केव्हाचं चमकतंय."

मग आईने अंदाजाने दोन-तीनदा बटण दाबलं. पोरगी नाराज व्हायला नको म्हणून दाबलं असावं.

यंत्रातून कागद आला. एकेका डोळ्याचं एकेक वर्तुळ होतं. दोन्ही काठाकडून काळी होत आत आली होती आणि मधोमध पांढरा ठिपका उरला होता. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोक त्या ठिपक्यावर ठेवलं. या दुखण्यात नजर काठाकडून जाते, मधली शेवटी जाते, असं त्यांनी सांगितलं. माणूस तक्ता वाचतो, टीव्ही बघतो, म्हणून कुणाला कळत नाही. गेलं ते परत येईल असं धरून चालू नका, आहे ते राखायचं. त्यांनी गोळ्या दिल्या. चार आठवड्यांनी हीच तपासणी पुन्हा करायची होती. काळं आणखी आत सरकलं तर ऑपरेशन, पाण्याला वाट करून द्यायची. आणि निघताना त्या म्हणाल्या, "घरात सगळ्यांना सांगून ठेवा. एकटीला रस्ता ओलांडू देऊ नका."

परतीच्या बसमध्ये आईने गौतमीचं मनगट धरलं.

"गौते, घरात बोलायचं न्हाई. माघात जयसिंगचं लगीन हाय. भूगावची मान्सं म्हनतील सासू आंधळी, उद्या नातवंडं बी तशीच निघायची."

"आई, हे तसं नसतं. डॉक्टर म्हणाल्या ना?"

"डाक्टरला सून करायची न्हाई मला. लगीन होऊ दे. मग सांग साऱ्या गावाला, भोंगा लावून सांग. आन घे माजी."

गौतमीने शपथ घेतली नाही, पण ती नाहीही म्हणाली नाही. जयसिंग तिच्याहून आठ वर्षांनी लहान. वडील गेल्यापासून शेत त्यानेच पाहिलं होतं आणि दोन जुळत आलेली स्थळं त्याच्या डोळ्यांदेखत मोडली होती.

गोळ्यांनी डोकं दुखायचं थांबलं, पण बोटांना मुंग्या येऊ लागल्या. सुई धरली आहे की नाही हे चंद्राबाईला कळेना. बोटाला टोचून रक्त आलं तरी वाकळीवर डाग पडल्यावर कळे. लग्नासाठी तिने नव्या सुनेसाठी वाकळ शिवायला घेतली होती, स्वतःच्या जुन्या लुगड्यांची आणि गौतमीच्या दोन साड्यांची. तिने गोळ्या आधी एकाआड एक दिवस घेतल्या आणि मग घेतल्याच नाहीत. चार आठवड्यांच्या तपासणीची तारीख आली त्याच दिवशी बस्ता होता. गौतमीने व्हिडिओ कॉल केला.

"आई, गोळ्या बंद केल्यास तर निदान तपासणीला ये. एका दिवसाचं काम आहे."

"फोनात बघ माज्याकडं. बघतीस ना?"

चंद्राबाईने फोन डब्याला टेकवून ठेवला. सुई डोळ्यांसमोर धरली. थुंकी न लावता, एका दमात दोरा नेढ्यातून पार गेला. पलीकडच्या बाजूने तिने तो ओढून दाखवला.

"आता बोल. आंधळी हाय का तुजी आय?"

त्या कागदावरचा पांढरा ठिपका सुईच्या नेढ्याला पुरेसा होता, ही साधी गोष्ट गौतमीला कळायला हवी होती. तिला पेनाचं टोक आठवत होतं, डॉक्टरीणबाईंचं एकेक वाक्य आठवत होतं. पण समोर सरसर जाणारा दोरा होता आणि लहानपणापासूनची खात्री होती. "बरं," ती म्हणाली. "लग्नानंतर मात्र लगेच."

लग्नाला अठरा दिवस उरले असताना गौतमी मदतीला म्हणून रजा टाकून निघाली. पौडची बस तिला सकाळी साडेदहाला आंबोलीच्या फाट्यावर सोडून पुढे गेली. बस हलली आणि रस्त्याच्या पलीकडे आई दिसली. डोक्यावरचा पदर नीट करत, मान इकडे-तिकडे फिरवत ती बहुतेक लेकीलाच शोधत होती. थंडीचं लख्ख ऊन होतं. आईच्या उजवीकडून, पौडच्या बाजूने, एक पिकअप येत होता. फार जोरात नव्हता.

"आई!" गौतमीने हात वर करून हाक मारली.

चंद्राबाईची मान थांबली. हाकेच्या दिशेने फिरली. तिला लेक सापडली, आणि चेहऱ्यावर ते सापडल्याचं हसू आलं. हसतच ती चालू लागली. पिकअपने हॉर्न दिला, पुन्हा दिला. तिने मान वळवली नाही. टायर घासल्याचा आवाज आला.

इस्पितळात पोचण्याआधीच सगळं संपलं होतं.

गाडी तानाजीची होती. तानाजी म्हणजे लिलाबाईचा मुलगा. तो पुणेकरांच्या सुट्टीच्या बंगल्यांवर विटा-वाळू पोचवायचा. पळून न जाता त्यानेच चंद्राबाईला उचलून पिकअपमध्ये निजवलं होतं. संध्याकाळपर्यंत गावात बोललं जाऊ लागलं की तो मोबाइलवर बोलत होता. हे कुणी पाहिलं ते कुणाला सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी, आपण ते पाहिलं असं सांगणारी दोन माणसं जयसिंगने उभी केली. पोलिसांनी गौतमीलाही विचारलं होतं, पहिल्याच संध्याकाळी, इस्पितळाच्या ओट्यावर. गाडी वेगात होती का? हॉर्न वाजला का? "मला नीट आठवत नाही," ती म्हणाली होती. ते तसं लिहिलं गेलं आणि तिने सही केली.

तिला सगळं आठवत होतं. पण एक सांगितलं तर पुढचंही सांगावं लागणार होतं. हॉर्न वाजला तर आईने का पाहिलं नाही? दिसत नव्हतं तर ते कुणाला माहीत होतं?

दहावा झाला त्या दुपारी लिलाबाई आली. ती अंगणात आली नाही, कुंपणाच्या फाटकाशीच उभी राहिली. जयसिंग ओसरीवरून उठला.

"हितं काय काम हाय तुमचं? लाजा न्हाईत का जरा?"

"तुज्याशी न्हाई माजं काम. गौतमीशी हाय."

"काय बोलायचं ते कोर्टात बोला."

"जयसिंग," गौतमी म्हणाली, "तू आत जा." ती फाटकाशी गेली.

लिलाबाईचा चेहरा सुकला होता. तानाजी जामिनावर सुटला होता. पण गाडी ठाण्यात अडकली होती, आणि त्याच्या हातातलं काम दुसऱ्याने घेतलं होतं. ती यातलं काहीच बोलली नाही. तिने कनवटीचं फडकं काढलं. त्यात दहा सुया टोचलेल्या होत्या. नऊ मोकळ्या आणि एकीत अजून लाल दोरा.

"तिनं ओवलेली ही शेवटची. मी वापरली न्हाई." तिने फडकं पुन्हा खोचलं. "पोरी, लावनीत ती माज्या खांद्यावर हात ठिवायची. मी तिच्या उजव्या अंगाला असले की मला चाचपायची. मी म्हनायची, चंद्रे, मी हितं हाय. एकदा बांधावर ती माज्या म्हशीवर आदळली. म्हशीवर! एवढं जनावर. आमी दोगी लई हसलो." ती थांबली. "मला तवा कळाया पायजे हुतं. मी अडानी. तू शिकल्याली हायेस, तू तिला पुन्याला नेलं हुतंस. तुला कायबी बोलत न्हाई मी. एवढंच सांगते, माज्या पोराला ती दिसली हुती. तिला माजा पोरगा दिसला न्हाई."

लिलाबाई वळली आणि गुडघ्यांवर हात टेकत टेकत चढाच्या वाटेला लागली.

तेरावा होईपर्यंत गौतमी गप्प राहिली. चौदाव्या दिवशी सकाळी तिने कपाटातली इस्पितळाची फाइल पिशवीत घातली. जयसिंग अंगणात मोटरसायकल पुसत होता.

"ठाण्यात जातेय," ती म्हणाली. "पौडला. जबाब बदलायचाय."

फडकं त्याच्या हातात थांबलं. "काय बदलायचंय?"

"तानाजी मोबाइलवर नव्हता. मी समोर उभी होते. त्याने दोनदा हॉर्न दिला, ब्रेक दाबला."

"तू कुनाच्या बाजूनं हायेस ताई?" तो ओरडला नाही. आवाज दाबून बोलला, तेच जास्त लागलं. "आपली आय गेलीया. भूगावचे लोक एक वर्ष थांबायला तयार झालेत, त्यात तू कायतरी नवीन काढ. आनि त्यो सुटून गेला तर मी काय करायचं? कुनाला धरायचं मी?"

"आईला बाजूचं दिसत नव्हतं, जयसिंग."

"खोटं. सुई ओवायची ती."

"हो. सुई ओवायची."

ती निघाली. त्याने अडवलं नाही.

ठाण्यातल्या हवालदाराने आधी तिला खुर्ची दिली, मग पाणी. पुरवणी जबाब द्यायचाय हे ऐकल्यावर तो जरा मागे टेकला.

"ताई, केस तुमच्या बाजूनं पक्की हाय. दोन साक्षीदार हायेत. हात कशाला लावताय?"

"त्या दोघांपैकी तिथे कुणीच नव्हतं. मी होते."

"मग तवा का न्हाई सांगितलं?"

"आज सांगतेय. लिहा."

त्याने सुस्कारा टाकून संगणक जवळ ओढला आणि दोन बोटांनी टाइप करायला घेतलं. गाडी कुठून आली, किती अंतरावर होती, हॉर्न, ब्रेक. फाइलमधला तो काळ्या वर्तुळांचा कागद तिने टेबलावर ठेवला आणि त्याचा अर्थ सांगितला. हवालदाराने तो उलटसुलट करून पाहिला.

"मयत हिस आजूबाजूचे दिसत नव्हते," तो बोलत बोलत लिहू लागला. "बरोबर?"

"त्यापुढे लिहा, ही गोष्ट मला माहीत होती. एकटीला रस्ता ओलांडू देऊ नका, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी ते घरात कुणालाही सांगितलं नाही."

बोटं थांबली. "हे असू द्या की. याची काय गरज न्हाई."

"लिहा. आणि मी पलीकडून तिला हाक मारली, हेही."

"त्याचा गुन्ह्याशी काय संबंध, ताई?"

"ती माझ्याकडे बघून चालायला लागली."

हवालदाराने तेही लिहिलं. छापून आलेली दोन पानं तिने सवयीने ओळ न् ओळ वाचली. एका ठिकाणी तारीख चुकली होती, ती सुधारून घेतली आणि मग सही केली.

बाहेर आली तर फाटकाच्या पलीकडे जयसिंग मोटरसायकलला टेकून उभा होता. तिच्या मागोमाग आला असणार. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो घरात पाय ठेवू नको म्हणेल असं तिला वाटत होतं, आणि ते ऐकून घेण्याची तिने तयारी केली होती.

"तुला ठावं हुतं," तो म्हणाला.

"हो."

"कवापासनं?"

"दिवाळीनंतर. तुझं लग्न होईपर्यंत सांगू नको म्हणाली. मी तिचं ऐकलं."

एसटी स्टँडाकडे जाणारी माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात होती. जयसिंगने मान खाली घातली. तो बोलला, तेव्हा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"त्या दिशी सकाळी ती मला म्हनली, फाट्यावर सोड, गौतमी येतीया. मला मांडववाल्याकडं जायचं हुतं. मी म्हनलो, चालत जा की, लई लांब हाय व्हय?" त्याने मनगटाने तोंड पुसलं. "सांगितलं असतंस तर सोडली असती गं मी. रोज सोडली असती."

या चौदा दिवसांत गौतमीने त्या खोट्या साक्षीदारांवरून त्याच्यावर मनातून बराच राग धरला होता. आता तोही राहिला नाही, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलंही नाही.

"काय हुतं त्या कागदात?" त्याने विचारलं.

कागदाची एक प्रत हवालदाराने ठेवून घेतली होती. मूळ कागद तिच्या पिशवीत होता. तिने तो त्याच्या हातात दिला. उन्हात त्याने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हे पांढरं म्हंजे?"

"तेवढंच दिसत होतं तिला."

जयसिंगने त्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. अंगठा शेतात काम करणाऱ्या माणसाचा, रुंद. त्याच्याखाली पांढरं काहीच उरलं नाही. त्याने तो उचलला नाही.